मदत हवी आहे: लाइन गेली की लॅबमधलं मूडल मुलांना उघडतच नाही (शुक्रवारी चाचणी आहे)

रानबोर | सोमवार, रात्री ८:४०
नमस्कार. कॉलेजच्या लॅबमध्ये मूडलवर (ऑनलाइन शिकवणं-चाचण्यांचं सॉफ्टवेअर) अंतर्गत चाचणी घ्यायची असते. इंटरनेटचा भरवसा नाही म्हणून सर्व्हर लॅबमध्येच ठेवला आहे. एरवी नीट चालतं, पण मध्येच लाइन (वीज) गेली की संपलं. लाइन परत आली तरी मुलांना साइट उघडत नाही. सर्व्हरला यूपीएस आहे, तो बंद पडतच नाही, तरी हे होतं. मागच्या चाचणीला बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची ४० मुलं अर्ध्यात अडकली, उरलेला पेपर कागदावर घ्यावा लागला. शुक्रवारी परत आहे. ११८ मुलं, तीन तुकड्या. काय करायचं ते लवकर सांगा. इन्व्हर्टर घ्या असं सांगू नका, मंजुरी मिळणार नाही.

शाईपेन | रात्री ८:५१
गूगल फॉर्म वापरा सर. सर्व्हरची कटकटच नाही. क्विझ मोड चालू करा, गुण आपोआप मिळतात, निकाल शीटमध्ये.

पाटीपुस्तक | रात्री ९:०२
शाईपेन, इंटरनेटचा भरवसा नाही असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे. शिवाय फॉर्मला स्वतःची वेळमर्यादा नाही, आणि त्यातला लॉक मोड संस्थेच्या ताब्यातल्या क्रोमबुकवरच चालतो. लॅबच्या विंडोज मशीनवर तो काय कामाचा?
रानबोर, आधी एवढं सांगा. सर्व्हर विंडोज की लिनक्स? मूडल कुठलं? राउटर आणि स्विच (सगळ्या मशीनच्या नेटवर्क केबली जोडतात ती पेटी) यूपीएसवर आहेत का? आणि ‘उघडत नाही’ म्हणजे स्क्रीनवर नेमकं काय दिसतं?

रानबोर | रात्री ९:१०
सर नाही, मॅडम. विंडोज १०, झॅम्प (सर्व्हरला लागणारं सगळं एकत्र बसवणारा संच), मूडल ४.१. यूपीएसवर फक्त सर्व्हर आणि त्याचा मॉनिटर. उघडत नाही म्हणजे उघडत नाही, गोल फिरत राहतं.

उबुंटूवाला | रात्री ९:१४
झॅम्प! तिथेच चुकलं. झॅम्प बनवणारेच सांगतात की हे डेव्हलपमेंटसाठी आहे, प्रत्यक्ष वापरासाठी नाही. उबुंटू सर्व्हर (लिनक्स) टाका, अपाचे (साइट दाखवणारा वेब सर्व्हर), मारियाडीबी, पीएचपी वेगवेगळं बसवा. दोन तासांचं काम.

पाटीपुस्तक | रात्री ९:१९
चार दिवसांवर पेपर असताना कोणी ओएस बदलत नाही. दोन तास तुम्हाला लागतील, ज्याने कधी केलं नाही त्याला दोन दिवस.
मॅडम, मुलं कुठला पत्ता टाकून साइट उघडतात?

रानबोर | रात्री ९:२७
फळ्यावर लिहून देते. १९२.१६८.१.१०४ आणि पुढे मूडल. त्या दिवशी लॅब असिस्टंटने बघितलं तर सर्व्हरचा पत्ता १०७ झालेला होता, म्हणून १०४ खोडून १०७ लिहिलं. मग मुलांच्या स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली, इनकरेक्ट अ‍ॅक्सेस असं काहीतरी, दोन-तीन सेकंदांत गेली आणि परत गोल फिरायला लागलं. पण हे नेहमी होत नाही. त्याच्या आधी दोनदा लाइन गेली तेव्हा आपोआप सुरू झालं होतं.

पाटीपुस्तक | रात्री ९:४५
हीच ओळ हवी होती. पूर्ण वाक्य असं असतं: ‘इनकरेक्ट अ‍ॅक्सेस डिटेक्टेड, हा सर्व्हर फक्त अमुक पत्त्यावरूनच उघडता येईल.’ त्यातला अमुक पत्ता म्हणजे तुमचा जुना १०४.
झालं असं. सर्व्हरला पत्ता राउटर वाटतो, म्हणजे डीएचसीपी. लाइन गेली की राउटर आणि स्विच बंद पडतात. सर्व्हर जागा असला तरी त्याची केबल मेलेली असते. लाइन आली की राउटर नव्याने उठतो, कोणाला कुठला पत्ता दिला होता ही यादी विसरतो आणि चाळीस मशीन एकदम पत्ते मागतात. त्या गर्दीत १०४ दुसऱ्याच मशीनला गेला तर सर्व्हरला १०७ मिळतो. कधी जुनाच मिळतो, म्हणून दोनदा चाललं आणि तिसऱ्यांदा नाही. इकडे मूडलच्या कॉन्फिग फाइलमध्ये १०४ कोरलेला. मुलगा १०७ वर आला की मूडल त्याला तो संदेश दाखवून १०४ वर ढकलतं आणि तिथे सर्व्हर नसतोच.

उपाय, याच क्रमाने (पत्ते, नावं टाइप करताना इंग्रजीतच करा, इथे देवनागरीत लिहितोय):
आधी राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये बघा, पत्ते कुठून कुठपर्यंत वाटतो. बहुधा १०० पासून पुढे असेल. म्हणजे १०० च्या खालचा पत्ता सर्व्हरला द्यायचा, समजा १९२.१६८.१.१०. तो आधीच कोणी घेतला नाही ना, हे पिंग करून (त्या पत्त्याला हाक मारून) बघा, उत्तर यायला नको.
मग सर्व्हरवर नेटवर्क अडॅप्टर, आयपीव्ही४, ‘युज द फॉलोइंग’. पत्ता १९२.१६८.१.१०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता, बहुतेक १९२.१६८.१.१.
त्यानंतर झॅम्पच्या एचटीडॉक्समधल्या मूडल फोल्डरमध्ये कॉन्फिग डॉट पीएचपी. आधी तिची एक प्रत दुसरीकडे ठेवा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-रूटच्या ओळीत १०४ च्या जागी १० करा. ओळीच्या शेवटी, मूडल शब्दानंतर, तिरकी रेघ ठेवू नका. फाइल साध्या नोटपॅडमध्ये सेव्ह करत असाल तर एन्कोडिंग ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ नको, त्या अदृश्य तीन बाइट्समुळे मूडल भलतेच एरर देतं. शेवटी साइट अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधून पर्ज कॅशेस (साठवलेल्या जुन्या प्रती पुसणं).

शाईपेन | रात्री ९:५२
एवढं करण्यापेक्षा मुलांच्या मोबाइलवर घेतलं तर? प्रत्येकाकडे आहे.

तुरीच्या शेंगा | रात्री १०:०५
मोबाइलवर घ्या, पण घरगुती राउटरवर चाळीस फोन लटकवू नका, तो पंधरा-वीसच्या पुढे धापा टाकतो. आणि लॅबच्या वायफायला इंटरनेट नाही हे फोनला कळलं की तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो, मग आतला पत्ता उघडत नाही. डेटा बंद करायला लावा. सेफ एक्झाम ब्राउझरचा (परीक्षेत बाकी सगळं बंद ठेवणारा) विचार असेल तर तो विंडोज, मॅक आणि आयओएसवर आहे, अँड्रॉइडवर नाही.

पाटीपुस्तकने आयपीचं बरोबर सांगितलं, पण एक राहिलं: विंडोज फायरवॉल. हाताने पत्ता दिला की विंडोज कधीकधी नेटवर्कला ‘पब्लिक’ समजतं, आणि पब्लिकमध्ये अपाचेला परवानगी नसेल तर सर्व्हरवर साइट उघडेल, मुलांकडे नाही. फायरवॉलच्या ‘अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप’मध्ये अपाचेसमोर प्रायव्हेट आणि पब्लिक, दोन्ही खुणा करा.

आता खरी अडचण, जी मॅडमनी विचारली नाही. साइट परत उघडली तरी गेलेला वेळ परत येत नाही. मूडलचं घड्याळ सर्व्हरवर चालतं, मुलांच्या मशीनवर नाही. लाइन १२ मिनिटं गेली तर ३० मिनिटांच्या पेपरातली १२ गेली. म्हणून प्रत्येक तुकडीचा एक ग्रुप आधीच करून ठेवा. लाइन गेली की यायची वाट बघत बसू नका, सर्व्हर यूपीएसवर आहे, तिथेच बसून क्विझच्या ‘ओव्हरराइड्स’मध्ये ग्रुप ओव्हरराइड (त्या तुकडीपुरती वेगळी वेळ) द्या, ३० चे ५० करा. त्याच वेळी ‘क्लोज द क्विझ’ची वेळही पुढे ढकला, कारण दोन्हींपैकी जी आधी संपते तीच लागू होते. लाइन आल्यावर मुलांनी लॉगिन करून पेपर परत उघडला की घड्याळात वाढीव वेळ दिसेल. उशीर केलात आणि मूडलने पेपर जमा करून टाकला, तर मग एकेकासाठी निस्तरत बसावं लागेल.

उबुंटूवाला | रात्री १०:११
आणि उत्तरं? ती गेली ना?

तुरीच्या शेंगा | रात्री १०:१८
मूडल आपोआप सेव्ह करतं, मूळ सेटिंग एक मिनिटाचं. क्विझच्या अ‍ॅडमिन सेटिंगमध्ये ‘ऑटोसेव्ह पीरियड’ ३० सेकंद करा, चाळीस मशीनला काही होत नाही. ‘नेक्स्ट’ दाबलं की तेव्हाही सेव्ह होतं, म्हणून एका पानावर सगळे २० प्रश्न टाकू नका, ४ किंवा ५ टाका.

फुलोरा | रात्री १०:२६
मराठी प्रश्नांबद्दल कोणीच बोललं नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेले प्रश्न मूडलमध्ये चिकटवले की कचरा दिसतो, कारण ते फॉन्ट मुळात इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं चढवतात. आधी युनिकोडमध्ये बदला आणि बदलल्यावर रफार आणि ऱ्ह, ऱ्य नीट बघा, तिथे हमखास घोळ असतो. एकदम चढवायचे असतील तर एकेन (Aiken) फॉरमॅट सोपा, साधी मजकूर फाइल. प्रश्न एकाच ओळीत, मध्ये एंटर नाही. पर्याय इंग्रजी कॅपिटल ए, बी, सी, डीने सुरू, मग टिंब, मग एक जागा. अ, ब, क, ड लिहिलं की फाइल नाकारली जाते. शेवटच्या ओळीत ‘आन्सर’ हा शब्द इंग्रजी कॅपिटलमध्ये, कोलन, जागा, अक्षर. फाइल यूटीएफ-८. त्याऐवजी गिफ्ट (GIFT) हा दुसरा फॉरमॅट वापरत असाल तर समीकरणातल्या बरोबरच्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्या, नाहीतर ते चिन्ह ‘बरोबर उत्तर’ समजलं जातं.

रानबोर | रात्री १०:३१
माझे प्रश्न इंग्रजीत आहेत. बी.एस्सी. आहे.

फुलोरा | रात्री १०:३३
धागा बी.ए.वालेही वाचतात.

डीपीवाला | रात्री १०:४०
काहून भांडून राहिले रात्रीच्या? वायरमनले आधी फोन करून ठेवा ना. डीपीवरचा फ्यूज उडाला असन तं तुमचा आयपी कितीही पक्का केला तरी चाळीस मशीन कायच्या भरवशावर चालतीन?
अन् कॉलेजात इन्व्हर्टर आधीचाच पडला असन तर पाहा. त्याले मागे यूपीएस अन् नॉर्मल असं बटन राहते. नॉर्मलवर असला तं लाइन जातानाच्या झटक्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होते. यूपीएसवर ठेवा.

पाटीपुस्तक | रात्री १०:४६
डीपीवाला, बटणाचं एकदम बरोबर. मॅडम, निदान राउटर आणि स्विच सर्व्हरच्याच यूपीएसला जोडा, त्यांना वीज फार लागत नाही, यूपीएसवर भारी पडणार नाहीत. प्रिंटर मात्र त्यावर चुकूनही लावू नका, लेझर असेल तर नक्कीच नाही. लाइन गेल्यावर नेटवर्क जिवंत राहिलं तर पत्ता बदलण्याचा प्रश्नच येत नाही. स्थिर पत्ता तरीही द्याच.

उबुंटूवाला | रात्री १०:५५
क्रॉन (मूडलची ठरावीक वेळाने आपोआप होणारी कामं) चालू आहे का कोणी विचारलं? झॅम्पवर तो आपोआप चालत नाही. नसेल तर ज्या मुलाचं मशीन बंद पडलं त्याचा पेपर वेळ संपल्यावरही ‘इन प्रोग्रेस’च राहतो, गुण लागत नाहीत. टास्क शेड्युलरमध्ये पीएचपीने मूडलच्या अ‍ॅडमिन, सीएलआय फोल्डरमधली क्रॉन डॉट पीएचपी दर मिनिटाला चालवा. उबुंटूवर एका ओळीत होतं, असो.

रानबोर | मंगळवार, सकाळी ८:१५
क्रॉन नव्हता! मागच्या वेळच्या सहा मुलांचे गुण का दिसत नाहीत ते आत्ता कळलं. आज लॅबमध्ये करून बघते.
आणि तीन तुकड्या आहेत, पहिली बाहेर गेली की दुसरीला प्रश्न कळतात. त्यावर काही?

तुरीच्या शेंगा | सकाळी ८:३०
प्रश्नपेढीत घटकवार कॅटेगरी करा, प्रत्येकीत १५-२० प्रश्न, आणि क्विझमध्ये ‘रँडम क्वेश्चन’ने प्रत्येकीतून ठरावीक उचला. पर्यायांचा क्रमही बदलतो, पण ‘वरील सर्व’ असा पर्याय असेल तर त्या प्रश्नाचं शफल बंद करा, नाहीतर ‘वरील सर्व’ सगळ्यात वर येतं.
निकाल उतरवताना सीएसव्ही नको, एक्सेल घ्या. सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांची वाट लागते.

शाईपेन | सकाळी ९:०४
ओएमआर शीटचं काय वाटतं?

रानबोर | मंगळवार, दुपारी ४:४०
केलं. सर्व्हरला १० दिला, कॉन्फिग बदलली, फायरवॉलमध्ये पब्लिकची खूण खरंच नव्हती. राउटर आणि स्विच यूपीएसवर घेतले. मग मुद्दाम भिंतीचं मेन स्विच पाडलं आणि ७ मिनिटांनी चालू केलं. ४० पैकी ३८ मशीनवर साइट आणि अर्धवट सोडलेला पेपर दोन्ही परत आले. ओव्हरराइडची वाढीव वेळही दिसली. मशीन क्रमांक १२ आणि ३१ अजून गोल फिरतात.

पाटीपुस्तक | दुपारी ४:५२
त्या दोघांचा आयपी बघा. हाताने दिलेला जुना पत्ता असेल, १९२.१६८.०.काहीतरी. ‘ऑब्टेन ऑटोमॅटिकली’ करा.

रानबोर | सायंकाळी ५:२०
३१ चं तेच होतं, १९२.१६८.०.३१. १२ ची केबलच स्विचमधून निघालेली होती, कोणीतरी तिथे चार्जिंगचं अडॅप्टर ठेवायला जागा केली होती.

डीपीवाला | सायंकाळी ५:३१
वायरमनचा नंबर घेतला का पण?