शब्दचर्चा : ‘रेशियल अँड एथ्निक डिस्पॅरिटीज’ला मराठीत काय म्हणावे?

पळसपान
एका पालक-त्रैमासिकासाठी अमेरिकेतल्या मुलांच्या आपत्कालीन उपचारांवरचा लेख मराठीत आणतो आहे आणि शीर्षकातच अडलो आहे. कोश चाळून ‘बालरुग्णांच्या आपत्कालीन शुश्रूषेतील वांशिक व वंशीय विषमता’ असं तयार झालं. मोठ्याने वाचलं तर धाप लागते. ‘वांशिक’ आणि ‘वंशीय’ यांत फरक काय, हेही कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही.

संदर्भासाठी लेखातलं मुख्य उदाहरण देतो. अपेंडिक्सला सूज आलेली मुलं अमेरिकी रुग्णालयांच्या इमर्जन्सीत येतात, तेव्हा त्यांना वेदनाशामक मिळतं का, याचा २००३ ते २०१० या वर्षांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. कुठलंही वेदनाशामक मिळालेली मुलं जेमतेम ५७ टक्के. मॉर्फिनच्या जातीचं जोरकस औषध मात्र, बाकीच्या घटकांचा हिशेब करूनही, गोऱ्या मुलांपैकी सुमारे ३४ टक्क्यांना मिळालं आणि काळ्या मुलांपैकी सुमारे १२ टक्क्यांना. आता याला विषमता म्हणू, भेदभाव म्हणू की नुसता फरक?

अनुस्वार
तुम्ही तीन शब्द दिलेत, मराठीत याहून जास्त आहेत. फरक, अंतर, तफावत, विषमता, असमानता, पक्षपात, दुजाभाव, सापत्नभाव, भेदभाव. यांतले पहिले काही नुसतं मोजमाप सांगतात, शेवटचे कर्त्याकडे बोट दाखवतात. दुजाभाव करायला कुणीतरी माणूस लागतो, तफावत आपोआप निघते. ‘हिशेबात तफावत आली’ म्हटलं की कारकुनावर लगेच आळ येत नाही, पण वही तपासावी लागणार हे सगळ्यांना कळतं. मला वाटतं डिस्पॅरिटीचा नेमका पोत हाच आहे. माझं मत ‘तफावत’ला.

शंकेखोर
तफावत फारच मवाळ. पोटात आग पडलेलं पोर कण्हतंय आणि आपण हिशेबाच्या भाषेत बोलायचं? सरळ ‘सापत्नभाव’ म्हणा. मुलांच्या बाबतीत याहून समर्पक शब्द मराठीत नाही.

अनुस्वार
शब्द समर्पक आहे, पण सगळीकडे लागू पडतो का ते बघा. याच क्षेत्रातले आणखी दोन अभ्यास सांगतो. पहिला २०१७ चा, मुलांच्या सात इमर्जन्सी विभागांतला. सर्दी-खोकल्यासारख्या विषाणूजन्य आजारावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो, तरी ते दिलं गेलंच. गोऱ्या मुलांपैकी ४.३ टक्क्यांना, हिस्पॅनिक (म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतल्या कुटुंबांच्या) मुलांपैकी २.६ टक्क्यांना, काळ्या मुलांपैकी १.९ टक्क्यांना. म्हणजे नको असलेलं औषध गोऱ्यांना जास्त! दुसरा २०१२ चा, डोक्याला किरकोळ मार लागलेल्या मुलांचा. ज्यांना धोका अगदी कमी होता त्यांच्यातही गोऱ्या मुलांचा सीटी स्कॅन जास्त वेळा काढला गेला. विनाकारण किरणं त्यांच्याच वाट्याला. इथे ‘सापत्नभाव’ कुणाशी झाला म्हणायचा?

कारण बहुधा एकच असावं: कुणाच्या आईवडिलांचा आग्रह डॉक्टर ऐकून घेतात आणि कुणाचा नाही. पण परिणाम उलटसुलट निघतो. म्हणून कर्त्याकडे बोट न दाखवणारा शब्द शीर्षकात हवा. आरोप करायचा तो लेखाच्या आत, पुराव्यानिशी करा.

कॅज्युअल्टीवाली
मी मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात नर्स होते, आता निवृत्त आहे. ‘आपत्कालीन शुश्रूषा’ मी आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. लोक म्हणतात ‘कॅज्युअल्टीत नेलं’. खाजगीत आता ‘इमर्जन्सी’ म्हणतात. पाटीवर लिहितात ‘अपघात विभाग’, मग ताप डोक्यात गेलेल्या बाळाचा बाप विचारतो, ‘सिस्टर, अपघात नाही झाला, इथेच थांबू ना?’ ‘आणीबाणी’ तर वापरूच नका, माझ्या वयाच्या माणसाला १९७५ आठवतं. पालकांसाठी लिहिताय तर ‘तातडीचे उपचार’ लिहा. सगळ्यांना कळतं.

आणि तुमच्या लेखात ट्राएज येणारच. त्याला ‘रुग्णवर्गीकरण’ असं काही करू नका. ‘निकड’ हा चांगला शब्द पडून आहे. कोणाची निकड जास्त ते ठरवून क्रम लावायचा, एवढंच ते काम.

पळसपान
ताई, ‘निकड’ उचलला! लेखात तिथली पाच पायऱ्यांची पद्धत आहे, १ म्हणजे जीव धोक्यात आणि ५ म्हणजे साधं दुखणं. ‘निकडीची पायरी’ असं करतो.

ओहायोकर
रेस आणि एथ्निसिटीबद्दल. इथे राहून लक्षात येतं की हे दोन शब्द शास्त्रातून कमी आणि सरकारी फॉर्ममधून जास्त आले आहेत. १९७७ साली वॉशिंग्टनने ठरवून दिलं की रेस एका ठिकाणी विचारायची आणि एथ्निसिटी म्हणून एकच गोष्ट विचारायची: हिस्पॅनिक आहात की नाही. म्हणजे मेक्सिकन कुटुंबातला मुलगा रेसने गोरा आणि एथ्निसिटीने हिस्पॅनिक असू शकतो. २०२४ साली दोन्ही प्रश्न एकत्र केले आणि मध्यपूर्व-उत्तर आफ्रिका असा नवा रकाना घातला. आपली गंमत वेगळीच. १९७० च्या जनगणनेत भारतीय मूळ असलेले लोक ‘गोरे’ मोजले गेले, १९८० मध्ये ‘आशियाई’. दहा वर्षांत वंश बदलला, माणसं तीच!

त्यामुळे ‘वंश’ हा शब्द मला खटकतो. आपल्याकडे वंश म्हणजे यादवांचा, किंवा ‘वंशाचा दिवा’ मधला. रक्ताचं काहीतरी. फॉर्मवरचा रकाना म्हणजे रक्त नव्हे. रुग्णालयात तर कित्येकदा नोंदणीच्या खिडकीवरचा माणूस चेहरा बघून खूण करतो.

अनुस्वार
मुद्दा खरा, पण ‘वंशभेद’, ‘वंशवाद’ रूढ झालेत, त्यांना आता हलवता येणार नाही. ‘वर्ण’ घेतला तर दोन अडचणी. दक्षिण आफ्रिकेमुळे ‘वर्णभेद’ म्हणजे कायद्याने केलेला भेद असा ठसा बसलाय, आणि आपल्याकडे वर्ण म्हटलं की चातुर्वर्ण्य आठवतं. ‘जातीय’ तर अजिबात नको, वाचक थेट खैरलांजीला पोचेल आणि ओहायो राहील बाजूला. रेसला ‘वंश’ आणि एथ्निसिटीला ‘समाज’ कसं वाटतं? ‘हिस्पॅनिक समाजातली मुलं’ हे कानाला बरं लागतं.

शंकेखोर
‘समाज’ चालेल. तफावतीवर माझा आक्षेप अजून आहे. गरिबीमुळे, विमा नसल्यामुळे जो फरक पडतो तोही तफावतच ना? मग वंशाचा काय संबंध? वाचक म्हणेल, गरीब असतील म्हणून औषध मिळालं नाही.

ओहायोकर
इथेच तर खरी गोम आहे. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००२ साली जो मोठा अहवाल काढला त्यात डिस्पॅरिटीची व्याख्याच अशी केली की दवाखान्यापर्यंत पोचता न येणं, आजाराची गरज वेगळी असणं, रुग्णाची स्वतःची पसंती, हे सगळं वजा करून दर्ज्यात जो फरक उरतो तो. इमर्जन्सी हे त्यासाठी कसोटीचं ठिकाण आहे. १९८६ च्या कायद्यानुसार पैसे असोत-नसोत, इमर्जन्सीत आलेल्या प्रत्येकाला तपासावंच लागतं. मूल आत आलंय, अपेंडिक्स तेच. तरी औषध वेगळं.

अनुस्वार
मग ‘उरणारी तफावत’! वजाबाकी करून उरलेली. एकदा व्याख्या देऊन पुढे नुसतं ‘तफावत’ म्हणता येईल. हाड मोडलेल्या मुलांवरचा २०२० चा अभ्यासही तिथे नीट बसतो: अल्पसंख्य समाजांतल्या मुलांना काहीतरी वेदनाशामक मिळण्याचं प्रमाण उलट थोडं जास्त होतं, पण जोरकस औषध कमी मिळालं आणि वेदना पुरेशी उतरण्याचं प्रमाणही कमी. ‘औषध दिलं का?’ एवढंच विचारलं असतं तर सगळं आलबेल दिसलं असतं.

कॅज्युअल्टीवाली
पण दुखणं मोजतात कसं हो तिथे? आमच्याकडे बाई सांगायची, ‘कळ येते’, ‘ठणकतंय’, ‘मुरडा येतो’, ‘चमक निघते’. यावरूनच निम्मं निदान व्हायचं.

ओहायोकर
शून्य ते दहा आकडा विचारतात. लहान मुलांना सहा चेहऱ्यांचं चित्र दाखवतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. मूल काय सांगतं त्यापेक्षा नर्सला काय वाटतं यावर बरंच ठरतं, असं मला दिसलं आहे. भाषेची अडचण वेगळी. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला दुभाषी द्यावा लागतो, हल्ली फोनवर किंवा पडद्यावर. भारतीय दिसलं की न विचारता हिंदी लावतात. आजीला ‘ठणका’ हिंदीत सांगता येत नाही आणि दुभाषाला मराठीत कळत नाही.

यावरचं इथलं प्रसिद्ध प्रकरण लेखात हवंच. १९८० साली दक्षिण फ्लोरिडात १८ वर्षांचा मुलगा बेशुद्ध अवस्थेत आणला. क्यूबन कुटुंबाने सांगितलं ‘इन्टॉक्सिकादो’. त्यांच्या बोलीत याचा अर्थ खाण्यातून काहीतरी बाधलंय. डॉक्टरांनी ऐकलं ‘नशा केलीय’, आणि अमली पदार्थ समजून उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होता. व्यावसायिक दुभाषी बोलावलाच नव्हता. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले, दाव्यात सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची तडजोड झाली.

शंकेखोर
बरं, तफावत मान्य. पण ‘कृष्णवर्णीय’ लिहू नका, वर्तमानपत्री वास येतो. तिकडचे लोक स्वतःला ‘ब्लॅक’ अभिमानाने म्हणवतात, तुम्ही ‘काळी मुलं’ लिहा.

कॅज्युअल्टीवाली
नको हो. आपल्याकडे ‘काळी’ म्हटलं की स्थळ मोडतं. वाचणाऱ्या आईला ते हिणवल्यासारखंच वाटेल.

पळसपान
पहिल्यांदा ‘आफ्रिकी-अमेरिकी’, पुढे ‘कृष्णवर्णीय’ असं करतो, वास येऊ दे. शीर्षक सध्या असं : ‘दुखणं तेच, औषध वेगळं : अमेरिकेत मुलांच्या तातडीच्या उपचारांत वंश आणि समाजानुसार पडणारी तफावत’. संपादक म्हणतात, अजून चार शब्द कमी करा.

अनुस्वार
‘आणि समाजा’ काढा, बघा जमतं का. हिस्पॅनिक रकान्याची भानगड तळटीपेत टाका.