मोरोविंड, ऑब्लिव्हियन, स्कायरिम: गोष्ट कुठे रंगली, भटकंती कुठे?

'द एल्डर स्क्रोल्स' या व्हिडिओ गेम मालिकेचे चाहते इथे बरेच आहेत. २०२५ मध्ये ऑब्लिव्हियनची रीमास्टर्ड आवृत्ती आली आणि मालिकेतल्या कुठल्या गेममध्ये गोष्ट रंगते आणि कुठल्यात भटकंती हा जुना वाद पुन्हा पेटला, म्हणून हा धागा. ग्राफिक्सची तुलना नको, यूट्यूबवर ती ढिगाने आहे. स्वतःला काय अनुभव आला ते लिहा.

माझं मत आधीच सांगतो: मोरोविंडमध्ये (२००२) गोष्ट आणि भटकंती वेगळी काढताच येत नाही. सेडा नीन गावात बोटीतून उतरवतात, हातात एक पाकीट देतात. ते बाल्मोरा शहरातल्या केयस कोसेडसला पोचवायचं. तो कुठे राहतो? साऊथ वॉल नावाच्या गुत्त्यात जाऊन विचारा! कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही, काही नाही. शोधत गेल्यावर दार उघडतो एका खोलीत राहणारा, उघडाबंब, नशेबाज म्हातारा. आणि हा सम्राटाच्या हेरांचा म्होरक्या! पत्ता विचारत पोचलो म्हणूनच तो धक्का बसतो.

*

मराठी माध्यमातून आलेलो, त्यामुळे मोरोविंड मी डिक्शनरी शेजारी ठेवून खेळलो. संवाद बहुतेक वाचायचेच. मूळ गेममधलं जर्नल, म्हणजे नोंदवही, नुसतं तारखेवार. क्वेस्टनुसार (कामगिरीनुसार) यादी 'ट्रायब्युनल' या विस्तारासोबत आली. तोवर माझी वही. 'पूल ओलांडून डावीकडे' छापाच्या नोंदींनी भरलेली. आईला वाटायचं अभ्यास चाललाय.

*

मोरोविंडमधल्या क्लिफ रेसरबद्दल, त्या उडत येऊन हल्ला करणाऱ्या प्राण्यांबद्दल, कुणीच कसं बोललं नाही? भटकंती म्हणे! दहा पावलं चालू देत नाहीत मेले.

*

ऑब्लिव्हियनची (२००६) बाजू कुणीतरी घ्यायला हवी. मुख्य कथा सोडून द्या, त्या नरकद्वारांचा मलाही कंटाळा आला. पण डार्क ब्रदरहूड, ती मारेकऱ्यांची टोळी! समिटमिस्ट मॅनरमध्ये ५ पाहुण्यांबरोबर तुम्हाला कोंडतात. घरात सोन्याची पेटी लपवलीय असं त्यांना सांगितलेलं, आणि तुम्ही तिथे त्यांना एकेक करून संपवायला आलेला. एक मेला की उरलेले एकमेकांवर संशय घेतात आणि तुमच्यापाशी येऊन मन मोकळं करतात. चेडिनहॉलच्या चित्रकाराच्या चित्रात शिरून, शस्त्राला टर्पेंटाइन लावून रंगवलेले ट्रोलही मी मारलेत. असं लिखाण पुढे स्कायरिममध्ये मला तरी सापडलं नाही.

भटकंतीत मात्र गेम मार खातो. तुमची लेव्हल वाढली की सगळं जग, शत्रूंसकट, तेवढंच तगडं होतं. १०० नाणी मागणारा वाटमारा काचेचं महागडं चिलखत घालून उभा! विक ना बाबा ते, घर घे.

*

स्कायरिमला (२०११) उगाच झोडपू नका. मुख्य कथा मी अजून संपवलेली नाही, संपवायची घाईही नाही. उत्तरेच्या किनाऱ्यावर फिरताना फ्रॉस्टफ्लो दीपगृह दिसलं म्हणून आत शिरले. बाईचं प्रेत. घरभर पसरलेल्या डायऱ्या, घरातल्या प्रत्येकाची वेगळी. तळघराच्या भिंतीमागे काहीतरी खरवडतंय ही तक्रार आधी साधी वाटते. मग तळघरातून खाली उतरलं की कळतं. दीपगृहाच्या रखवालदाराची इच्छा होती की आपले अवशेष वरच्या ज्योतीत टाकावेत. ते सापडतात एका मोठ्या किड्याच्या पोटात. मी वर जाऊन टाकले. हे कर म्हणून कुणी माणूस सांगायला आला नव्हता. धागाकर्ते म्हणतात ती गोष्ट-भटकंतीची एकी इथेही आहे, फक्त मेलेल्यांच्या डायऱ्यांत आहे.

*

वरचा प्रतिसाद पटला, पण अर्धाच. स्कायरिममध्ये बाण बंद करून बघा. माणसं पत्ताच सांगत नाहीत! बाण असणारच हे गृहीत धरून संवाद लिहिलेत. आणखी एक: मोरोविंडमध्ये महत्त्वाचं पात्र मारता येतं. गेम फक्त बजावतो की भविष्यवाणीचा धागा तुटला. जुना सेव्ह उघडा नाहीतर या बिघडलेल्या जगात राहा. ऑब्लिव्हियनपासून अशी पात्रं गुडघ्यावर येतात नाहीतर बेशुद्ध पडतात, आणि थोड्या वेळाने उठून कामाला लागतात.

मी सध्या ओपनएमडब्ल्यूवर (चाहत्यांनी बनवलेलं, मोरोविंड चालवणारं मोफत इंजिन) मोरोविंड परत लावलाय. वहीवाल्या मित्रा, ती वही अजून असेल तर अर्कंगथँडच्या पडक्या अवशेषांतली ती शोधून आणायची पझल बॉक्स कुठल्या फळीवर होती तेवढं सांग.