अ‍ॅटिकमधले उंदीर आणि परसातले संत्र्याचे झाड

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियातील सनीव्हेलमधल्या आमच्या घराच्या अ‍ॅटिकमध्ये (छताखालच्या माळ्यावर) गेले पंधरा दिवस रात्री अकरानंतर धावपळ ऐकू येते. परसातल्या झाडावरची संत्री लांबून शाबूत दिसतात, पण हात लावला की नुसते पोकळ साल उरलेले असते आणि एका बाजूला रुपयाएवढे भोक असते. एका कंपनीचा माणूस शिडी न लावताच, विषाच्या पेट्या ठेवण्याचा वर्षभराचा करार पुढे करून गेला. सासूबाईंचे म्हणणे आहे की पुढच्या आठवड्यात पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांबरोबर उंदरांचे औषध मागवावे. धाकटा अजून रांगतो आहे, म्हणून मन धजावत नाही. कृपया अनुभव कळवावेत.

आपली,
सनीव्हेलची सभासद

---

सप्रेम नमस्कार वहिनी,

पुण्याहून औषध कृपया मागवू नका. आपल्याकडे मिळणाऱ्या औषधांत अनेकदा झिंक फॉस्फाइड किंवा पिवळा फॉस्फरस असतो. अशी विषे विमानातून नेता येत नाहीत, आणि पिवळ्या फॉस्फरसने यकृत निकामी झाले तर त्यावर उतारा नाही.

संत्र्यांचे आपण केलेले वर्णन वाचून हा ‘रूफ रॅट’ आहे, याविषयी मला शंका वाटत नाही. हा कोणी परदेशी प्राणी नव्हे. कोकणात माडावर चढून शहाळी पोखरणारा काळा उंदीर तो हाच. जमिनीत बिळे करणारा ‘नॉर्वे रॅट’ वेगळा. त्याला आपली मंडळी सर्रास घूस म्हणतात, पण घूस ही जातच निराळी.

विषाच्या कराराविषयी माझे मत प्रतिकूल आहे. विष खाल्लेले उंदीर खाऊन घुबडे आणि पहाडी सिंह (प्यूमा) मरू लागले, म्हणून कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२१पासून ब्रोडिफॅकुम, ब्रोमॅडिओलोन यांसारख्या, रक्त गोठू न देणाऱ्या विषांच्या बहुतेक वापरावर बंदी घातली आणि पुढे ती आणखी विषांना लागू केली. करार करण्यापूर्वी पेटीत नेमके काय असणार, ते लेखी मागा. शिवाय विषाने उंदीर मरतो तो त्याला वाटेल तिथे: आमच्याकडे तो देवघरामागच्या भिंतीत मेला, आणि ऐन गणपतीत पाहुण्यांना धूप जास्त का लावला आहे, याची कारणे देता देता आमची पुरेवाट झाली.

खरे काम भोके बुजवण्याचे आहे. अर्ध्या इंचाची फट उंदराला पुरते. भर दुपारी अ‍ॅटिकमध्ये जाऊन दिवा बंद करावा आणि डोळे सरावले की उजेड कुठून येतो ते पाहावे. आम्हाला वळचणीच्या झरोक्याची जाळी एका कोपऱ्यात उचकटलेली दिसली, आणि उंदरांच्या अंगाचे तेल घासून तिच्या कडेला काळपट, मेणचट डाग पडला होता. तिथे पाव इंची छिद्रांची लोखंडी जाळी स्क्रूने पक्की बसवावी. नुसता फोम भरल्यास उंदीर तो कुरतडतात. पाइप भिंतीत शिरतात त्या जागा आणि गॅरेजच्या दाराखालचे रबरही तपासावे.

आत अडकलेल्यांसाठी लाकडी खटक्याचे सापळे वापरावेत. दोन-तीन सापळ्यांनी भागत नाही. आम्ही बारा लावले होते. सापळा भिंतीशी काटकोनात, खटका भिंतीकडे करून ठेवावा. नवी वस्तू दिसली की हा प्राणी बिचकतो, म्हणून पहिले तीन-चार दिवस सापळा न ताणता नुसते पीनट बटर लावून ठेवावे. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारून, पाच मिनिटे थांबून, हातमोजे घालून कागदाने टिपाव्यात.

झाड तोडण्याची गरज नाही. फांद्या छतापासून चार फूट दूर छाटाव्यात, पडलेली फळे रोज संध्याकाळी उचलावीत, आणि पाखरांचे दाणे किंवा पितृपक्षातला कावळ्याचा घास रात्रभर कुंपणावर राहू देऊ नये. सँटा क्लारा काउंटीचा व्हेक्टर कंट्रोल विभाग (रोग पसरवणारे कीटक-प्राणी आटोक्यात ठेवणारा) घरी येऊन विनामूल्य पाहणी करतो. करारावर सही करण्याआधी त्यांना अवश्य बोलवावे.

आपला,
फ्रीमाँटचा सभासद

---

काका, मनःपूर्वक आभार.

काउंटीच्या बाईंनी पाहणी केली. वाट निघाली ती शेजाऱ्यांच्या कुंपणावरील आयव्हीच्या वेलीतून आमच्या संत्र्यावर आणि तिथून छतावर. सासूबाईंचे माहेर गुहागरचे. माडाला पत्रा ठोकतात तसा इथेही ठोका, असे त्यांनीच सुचवले आणि फांद्या छाटून झाल्यावर बुंध्याभोवती पत्र्याचा पट्टा स्वतः उभे राहून बसवून घेतला. सापळे ताणल्यापासून चार दिवसांत तीन उंदीर सापडले. कालची रात्र शांत गेली. शेजाऱ्यांकडे शाबूत संत्र्यांची पिशवी घेऊन गेले होते. आयव्ही काढायला ते तयार आहेत, फक्त शनिवारी दोन माणसे आणि एक लांब कात्री हवी आहे. कोणाकडे असल्यास कळवावे.