मदत हवी आहे: दावीद राजाच्या कथेला न्याय देणारा चित्रपट कोणता?

नमस्कार.

आम्ही सात-आठ जण दर महिन्याला एकत्र बसून बायबलमधला एखादा भाग मोठ्याने वाचतो आणि त्यानंतर त्या भागावर बेतलेला एक चित्रपट पाहतो. आमच्यात श्रद्धेने वाचणारे आहेत, तसेच निव्वळ कथा म्हणून वाचणारेही आहेत. मी दुसऱ्या गटातली. चित्रपट निवडण्याचे काम माझ्याकडे आहे. उत्पत्ती, निर्गम आणि मत्तयकृत शुभवर्तमान वाचून झाले. आता शमुवेलाचे दुसरे पुस्तक, म्हणजे दावीद राजाची कथा, सुरू होत आहे आणि तिथे माझे घोडे अडले आहे. नुसते ‘चांगला चित्रपट सुचवा’ असे विचारले तर प्रसिद्ध नावांची यादी मिळेल, आणि ती माझ्याकडे आहेच. म्हणून आजवर काय आवडले, काय खटकले आणि का, हे आधी सविस्तर मांडते. त्यावरून मी काय शोधते आहे ते जाणकारांच्या लक्षात येईल.

बायबलची कथा सांगण्याची रीत फार मितभाषी आहे. अब्राहाम इसहाकाला बळी देण्यासाठी निघतो आणि तिसऱ्या दिवशी ती जागा त्याला दुरून दिसते. या प्रवासात बापाच्या मनात काय चालले होते, याबद्दल उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात एक शब्दही नाही. मुलगा फक्त एकदा विचारतो, की विस्तव आहे, लाकडे आहेत, पण होमासाठी कोकरू कुठे आहे? वाचणाऱ्याने ही मोकळी जागा आपल्या परीने भरायची असते. चित्रपटाला मात्र चेहरा दाखवावाच लागतो. त्या मोकळ्या जागेचे दिग्दर्शक काय करतो, यावरच माझी आवडनिवड ठरते. मूळ कथेत भर घालण्याला माझी मुळीच हरकत नाही. भर घातल्यावर कथा अधिक खोल होते की सोपी होऊन जाते, एवढेच मी पाहते.

आजवर सर्वांत जास्त आवडलेला चित्रपट इटालियन दिग्दर्शक पासोलिनी यांचा, मत्तयाच्या शुभवर्तमानावरचा, 1964 सालचा. सुरुवातीलाच मरीयेचा चेहरा दिसतो, मग योसेफाचा, आणि मग ती गरोदर असल्याचे आपल्याला कळते. कोणी काही बोलत नाही. योसेफ पाठ फिरवून निघून जातो. मत्तयाने या प्रसंगाला दोनच वचने दिली आहेत: योसेफ नीतिमान होता, तिची बेअब्रू होऊ नये म्हणून तिला गुपचूप सोडून द्यावे असे त्याच्या मनात होते. त्या ‘गुपचूप’ शब्दात दडलेले सगळे दुःख चित्रपटाने संवादाविना पडद्यावर आणले आहे. पासोलिनी स्वतः मार्क्सवादी होते, श्रद्धाळू नव्हते. तरीही संवाद त्यांनी शुभवर्तमानातूनच उचलले, व्यावसायिक नट टाळले आणि येशूच्या भूमिकेसाठी एका तरुण स्पॅनिश विद्यार्थ्याला घेतले. हा येशू भरभर चालतो आणि मागे वळून शिष्यांशी बोलतो. आमच्यातल्या एका बाईंना तो फार कठोर वाटला; पण मत्तय पुन्हा वाचला तर त्यातला येशूही असाच घाईचा आणि धारदार आहे, असे माझे मत आहे. वधस्तंभाजवळ जी वृद्ध मरीया कोसळते ती पासोलिनींची खरी आई, सुझाना. तिचा धाकटा मुलगा ग्वीदो 1945 मध्ये युद्धात मारला गेला होता. ही गोष्ट मला चित्रपट पाहून झाल्यावर कळली आणि तो प्रसंग मी त्यानंतर दोनदा पाहिला.

दुसरा आवडता चित्रपट नेमका उलट्या वाटेने जाणारा, म्हणजे 1998 चा ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ हा अॅनिमेशनपट. निर्गमात फारोचे, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजाचे, नावसुद्धा दिलेले नाही, आणि मोशे व फारो भाऊ-भाऊ म्हणून एकत्र वाढले असे कुठेही म्हटलेले नाही. ही सगळी चित्रपटाची भर आहे. पण त्या भरीमुळे एका लोकसमूहाच्या मुक्तीची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते, ही निर्गमातच असलेली बोच थेट मनाला भिडते. प्रथमजन्मलेल्यांच्या मृत्यूची रात्र आठवा. डोक्यावर भांडे घेतलेला एक लहान मुलगा दारातून आत जातो, त्याच्यामागून पांढुरका प्रकाश आत शिरतो, एक श्वास सुटल्यासारखा आवाज येतो आणि भांडे फुटते. बस, इतकेच. बायबल म्हणते की त्या रात्री मिसरात मोठा आकांत झाला. चित्रपटाने तिथे शांतता निवडली आणि ती आकांताहून भारी ठरली. मुलाचे प्रेत ठेवून उभ्या असलेल्या फारोला भेटून मोशे बाहेर येतो आणि भिंतीपाशी कोसळून रडतो. जिंकलेला माणूस रडतो, हे मला या प्रकारच्या चित्रपटांत क्वचितच पाहायला मिळाले आहे.

डीमिल यांचा 1956 चा ‘द टेन कमांडमेंट्स’ पावणेचार तासांच्या आसपास चालतो. दुभंगणाऱ्या समुद्राचा देखावा आजही थक्क करतो. पण त्यातली माणसे बोलत नाहीत, भाषणे करतात. एकदा पाहावा, यापलीकडे मला फारसे म्हणायचे नाही.

आता न आवडलेल्यांविषयी. ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ (2004) पाहून अनेकांची श्रद्धा दृढ झाली आहे याची मला जाणीव आहे आणि त्यांना दुखवण्याचा हेतू नाही. संवाद अरामी, हिब्रू आणि लॅटिन भाषांत ठेवण्याचा निर्णय धाडसी होता. पण मत्तयाने फटक्यांचा उल्लेख अर्ध्या वचनात संपवला आहे, आणि चित्रपट मात्र तो प्रसंग इतका लांबवतो की काही वेळाने मला वेदना जाणवेनाशी झाली, फक्त मेकअप दिसू लागला. ज्या माणसासाठी रडायचे तो काय शिकवत होता, हे चित्रपटात ओझरतेच येते. ज्यू पुढाऱ्यांच्या चित्रणावर त्या वेळी जे आक्षेप घेतले गेले, तेही मला पटतात.

रिडली स्कॉट यांचा ‘एक्झोडस: गॉड्स अँड किंग्ज’ (2014) याहून जास्त खटकला. निर्गमातला मोशे देवाला सांगतो की मी मुखाचा जड आणि जिभेचा जड आहे, मला पाठवू नकोस. सगळ्या कथेचे मर्म या नकारात आहे. चित्रपटातल्या मोशेच्या हातात काठीऐवजी तलवार आहे आणि त्याची जीभ कुठेही अडखळत नाही. अडखळणारा माणूस काढून घेतल्यावर उरतो तो एक सेनापती, आणि सेनापतींवरचे चित्रपट पुष्कळ आहेत.

‘नोहा’ (2014) या चित्रपटाबाबत माझे मत अजून स्थिर झालेले नाही. उत्पत्तीत नोहा जलप्रलय ओसरेपर्यंत एक शब्दही बोलत नाही; त्याच्या तोंडचे पहिले वाक्य द्राक्षारसाची धुंदी उतरल्यावरचे, आणि ते शाप देणारे आहे. दिग्दर्शक अरोनोफ्स्की यांनी या मुक्या माणसाला आपल्या नातींच्या जिवावर उठलेला केले, ते मला ओढूनताणून वाटले. पण तारवाच्या, म्हणजे नोहाच्या जहाजाच्या, आत कुटुंब काळोखात बसले आहे आणि बाहेरून बुडणाऱ्यांच्या किंकाळ्या ऐकू येत आहेत, हा प्रसंग पाहिल्यापासून ती कथा मी पूर्वीसारखी निर्धास्तपणे वाचू शकलेले नाही.

आता मूळ प्रश्न. दावीदाची कथा ही मला बायबलमधली सर्वांत मानवी कथा वाटते. राजा गच्चीवरून बथशेबा या विवाहित स्त्रीला पाहतो, तिच्या नवऱ्याला मारवण्याचा हुकूम त्याच नवऱ्याच्या हाती पत्रातून पाठवतो, नाथान संदेष्टा त्याला गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो आणि राजा संतापून स्वतःच्याच विरुद्ध निकाल देतो. पुढे बंडखोर मुलगा अबशालोम मारला जातो तेव्हा जिंकलेला बाप वेशीवरच्या खोलीत जाऊन त्याचे नाव घेत राहतो. एवढे सगळे असून मी पाहिलेला ‘किंग डेव्हिड’ (1985) कोरडा निघाला. संपूर्ण आयुष्य दोन तासांच्या आत बसवण्याच्या नादात एकाही प्रसंगाला श्वास घ्यायला सवड मिळालेली नाही.

तेव्हा कृपया सांगावे: बथशेबा आणि नाथानाचा भाग, किंवा अबशालोमाचा भाग, यांपैकी एकावर तरी थांबून, घाई न करता केलेला चित्रपट आपल्या पाहण्यात आहे का? कथा आधुनिक काळात आणलेली असली तरी चालेल. जाता जाता रूथच्या पुस्तकाबद्दलही विचारते. ‘द स्टोरी ऑफ रूथ’ (1960) मी पाहिला आहे, पण त्यात रूथला मवाबी देवतेची पुजारीण करून तिचे पूर्वायुष्यच इतके रंगवले आहे की सासू नामीबरोबरची तिची वाटचाल मागे पडते.

प्रतिसाद

ताई, तुमची कसोटी नेमकी आहे, म्हणून तिलाच धरून उत्तर देतो. ‘डेव्हिड अँड बाथशिबा’ (1951) पाहावा. दावीद ग्रेगरी पेक यांनी केला आहे. चित्रपट सगळे आयुष्य कवेत घेत नाही, बथशेबाच्या प्रकरणावरच थांबतो. एका प्रसंगात कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, नेत असताना त्याला हात लावणारा माणूस जागीच मरतो. नाथान म्हणतो, ही देवाची इच्छा; दावीद म्हणतो, ऊन होते आणि तो प्यायला होता. शेवटी तोच दावीद एकटा त्या कोशासमोर उभा राहतो आणि स्वतःचा हात पुढे करतो. देवावर विश्वास उडालेल्या माणसाने असा हात पुढे करणे, हे या चित्रपटाने मिळवलेले आहे.

त्यातला दोष आधीच सांगून ठेवतो, कारण तुम्हाला तो जाणवल्याशिवाय राहणार नाही. चित्रपटातला उरीया, म्हणजे बथशेबाचा नवरा, बायकोविषयी थंड, केवळ शिपाईगिरीत रमणारा दाखवला आहे. त्यामुळे दावीदाचा अपराध हलका होतो. बायबलमधला उरीया म्हणतो, की माझे सोबती उघड्या रानात पडलेले असताना मी घरी जाऊन खाऊ-पिऊ कसा? त्या वाक्यापुढे राजा किती लहान दिसतो! चित्रपटाने ही धार बोथट केली.

अबशालोमासाठी मी वेगळीच वाट सुचवतो. पोलिश दिग्दर्शक किएश्लोव्स्की यांच्या ‘डेकालॉग’ या दहा भागांच्या मालिकेतला पहिला भाग पाहा. जेमतेम तासाभराचा आहे. दावीदाशी त्याचा थेट संबंध नाही, तो बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी पहिल्या आज्ञेवर आहे. एक प्राध्यापक बाप तळ्यावरचा बर्फ किती वजन पेलेल याचा हिशेब संगणकावर करतो आणि मुलाला स्केटिंगला जाऊ देतो. बर्फ फुटतो. त्यानंतर बाप चर्चमध्ये जाऊन मेणबत्त्यांचे मेज उलथवतो आणि वितळलेले मेण मरीयेच्या चित्रावर अश्रूंसारखे ओघळते. वेशीवरच्या खोलीतला दावीद मला इतक्या जवळून दुसरीकडे कुठे दिसला नाही.

रूथवर मात्र माझ्याकडे सांगण्यासारखे नाव नाही.

धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. दावीद-बथशेबाच्या बैठकीत अकरावा अध्याय वाचताना उरीयाचे ते वचन मी दोनदा वाचायला सांगेन आणि मगच चित्रपट लावेन, म्हणजे तुम्ही म्हणता ती बोथट झालेली धार सर्वांच्या लक्षात राहील. ‘डेकालॉग’चा पहिला भाग काल रात्री एकटीनेच पाहिला. तो अठराव्या अध्यायानंतर लगेच, मध्ये चर्चा न करता दाखवावा असे ठरवले आहे. मुलगा घरी आलेला नाही हे कळल्यावर बाप जिना चढतो-उतरतो, शेजाऱ्यांना विचारतो आणि तरीही स्वतःच्या हिशेबावर विसंबून राहतो, तिथे मला निरोप्याची वाट पाहत वेशीत बसलेला दावीद दिसला; तो प्रत्येक धावत येणाऱ्याला एकच विचारत असतो, की तरुण अबशालोम सुखरूप आहे ना?

रूथबद्दलचा प्रश्न अजून खुला आहे. दोन स्त्रिया चालत एका गावी परततात, एवढ्यावर भर असलेला कोणताही चित्रपट, मग तो बायबलवर आधारलेला नसला तरी, कोणाला आठवला तर कृपया इथे लिहावा.