रेडिएशननंतर तोंड कोरडं: स्टेम सेलने लाळ परत येते का?

जुई_के
घशाच्या कॅन्सरसाठी ७० ग्रे (ग्रे म्हणजे डोस मोजायचं एकक) रेडिएशन होऊन दोन वर्षं झालेल्या पेशंटला पोटाच्या चरबीतल्या स्टेम सेल टोचून उपयोग होतो का? एक क्लिनिक "५० टक्के लाळ परत येते" म्हणतंय आणि त्याचे पैसे मागतंय.

लिनॅक_वाला
हा आकडा बहुधा कोपनहेगनच्या २०१८ सालच्या चाचणीतला आहे. पेशंट ३०, काहींना स्वतःच्या चरबीतून वाढवलेल्या पेशी, बाकीच्यांना प्लासिबो (पेशी नसलेलं नकली इंजेक्शन). सोनोग्राफीत बघत जबड्याखालच्या ग्रंथींत टोचलेलं. चार महिन्यांनी, काही चघळत नसताना आपोआप येणारी लाळ ५० टक्क्यांनी वाढली. पण वाढ उरलेल्या लाळेवर मोजायची! मिनिटाला ०.१० मिलि असेल तर ०.१५ होईल; निरोगी माणसाची साधारण ०.३ ते ०.४ असते. शिवाय या पेशी नवी ग्रंथी बांधत नाहीत, उरलेल्या पेशींना आधार देतात असं मानतात. ग्रंथीत फायब्रोसिसच (व्रणासारखा कडक भाग) उरला असेल तर आधार देणार कुणाला?

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनची पद्धत वेगळी आहे: ग्रंथीचा तुकडा रेडिएशनआधीच काढून त्यातल्या पेशी वाढवायच्या. ती वेळ इथे गेली.

पैशांबद्दल स्पष्ट सांगतो, देऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांतलं प्रत्यारोपण वगळता स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीत देता येतात, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. सीटीआरआय (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा.

दातांची_ओपीडी
आधी लाळ मोजा. तासभर काही खाऊ-पिऊ नका, ब्रशही नको. रिकामा कप सोनाराच्या काट्यावर तोला. किचनचा काटा एक ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही. मान खाली घालून पाच मिनिटं लाळ कपात ओघळू द्या, जीभ हलवू नका. मग कप पुन्हा तोला; वाढलेला एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलि. पाच मिनिटांत अर्धा ग्रॅमही भरत नसेल तर कोरडेपणा खरोखर जास्त आहे. दरवेळी त्याच वेळेला मोजा, दिवसभरात लाळ बदलते.

लाळ वाढवणारं औषध पायलोकार्पिन ५ मिग्रॅ दिवसातून तीनदा देतात, पण ग्रंथी थोडी तरी जिवंत हवी. घाम खूप येतो. अनियंत्रित दमा किंवा बंद कोनाचा काचबिंदू असेल तर चालत नाही.

दात हिरडीलगत किडतात, म्हणून १.१ टक्के न्यूट्रल सोडियम फ्लोराइड जेल रोज दातांच्या मापाच्या ट्रेमधून लावा. लिंबाच्या गोळ्या टाळा, आंबटाने इनॅमल झिजतं. दात काढायची वेळ आलीच तर आधी रेडिएशनचा चार्ट दाखवा; जास्त डोस मिळालेलं जबड्याचं हाड भरून न येता सडू शकतं.

जुई_के
आणि ज्यांचं रेडिएशन व्हायचंय?

लिनॅक_वाला
प्लॅनिंगलाच विचारा: आयएमआरटीत (किरणांची तीव्रता जागेनुसार बदलणारं रेडिएशन) पॅरोटिडचा, म्हणजे कानाजवळच्या लाळग्रंथीचा, सरासरी डोस २६ ग्रेच्या खाली बसतोय का? गाठ जवळ असेल तर निदान एका बाजूची तरी वाचवता येते.