मदत हवी आहे: चौथीनंतर शाळा की होमस्कूलिंग?
मुलगी चौथीत, पुण्यात, सीबीएसई. घरी आल्यावर वह्या पूर्ण करण्यातच रात्रीचे 9 वाजतात, परवा तर चित्रात आकाश जांभळं केलं म्हणून लाल शेरा घेऊन आली. टीचरशी दोनदा बोललो, उपयोग शून्य. एक प्रयोगशील मराठी शाळा बघितली, जाम आवडली पण पाचवीला जागाच नाही. म्हणून आता घरीच शिकवून पुढे एनआयओएसची (केंद्राचं ओपन स्कूल बोर्ड, शाळेत न जाता परीक्षा देता येते) दहावी असं चाललंय, त्याला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात ते माहितीये. बायको वर्क फ्रॉम होम, मी 3 नंतर मोकळा, त्यामुळे वेळ आहे (आणि मित्रमैत्रिणींचं काय हे प्लीज नको, सोसायटीत ढीगभर आहेत). ज्यांच्या मुलांनी एनआयओएसवरून इथे अकरावी सायन्सला ऑनलाइन अ‍ॅडमिशन घेतली त्यांना मायग्रेशन सर्टिफिकेट सोडून आणखी काय मागितलं, आणि मध्येच सातवी-आठवीत परत शाळेत घालायचं ठरलं तर घेतात का?