मशीन माझं, पण त्यातलं रिजिड टॅपिंग कंपनीनं बंद ठेवलेलं. चालू करून घेतलं तर चोरी का?

कुपवाडचा_जॉबवाला
कुपवाड एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं शेड आहे. गेल्या दिवाळीत पुण्याच्या एका कारखान्यातून जुना व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन) घेतला. मशीन दणकट आहे, फक्त रिजिड टॅपिंग, म्हणजे स्पिंडलच्या फेऱ्यांशी ताल धरून भोकात आटे पाडणं, चालत नाही. प्रोग्रॅममध्ये एम29 (रिजिड टॅपिंगचा कोड) टाकलं की अलार्म. मग फ्लोटिंग, म्हणजे थोडा मागंपुढं सरकणारा होल्डर लावून टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायचा. एम6 आट्याच्या आंधळ्या (आरपार नसलेल्या) भोकात खोली जरा पुढंमागं झाली की टॅप आत तुटतो आणि तो पीस घेऊन स्पार्कवाल्याच्या, म्हणजे तुटका टॅप ठिणगीनं जाळून काढणाऱ्याच्या दारात उभं राहायचं.

कॅबिनेट उघडून बघितलं. स्पिंडलला पोझिशन कोडर (स्पिंडल किती फिरला ते सांगणारा सेन्सर) आहे, केबल आहे, बोर्डात खोचलेलीही आहे. ऑप्शन पॅरामीटरमधला, म्हणजे कुठली सोय चालू ते ठरवणाऱ्या सेटिंगमधला एक बिट तेवढा 0 आहे. कंपनीचं कोटेशन ऐंशी हजार, वर जीएसटी. इथला एक पोरगा म्हणतो, पाच हजार द्या, चहा होईस्तोवर चालू करून देतो.

कोडरचे पैसे पहिल्या मालकानं मोजले, त्याला मी मोजले. माझ्याच लोखंडात काय चालावं हे तिसऱ्यानं का ठरवायचं? पण हेही खरं, की भाव पाडताना ‘यात रिजिड टॅपिंग नाही’ हे मीच दहादा ऐकवलं होतं. स्वस्त मिळालं ते त्यामुळंच. तुम्ही काय केलं असतं?

विश्रामबागकर
भाऊ, भाव पाडला तो जुन्या मालकाशी. कंपनीचा त्यात काय संबंध?
हा धंदा जुनाच आहे. 2010 मध्ये इंटेलनं प्रोसेसरचा थोडा भाग बंद ठेवून विकला आणि 50 डॉलरचं कार्ड घेतलं की तो उघडायचा. लोकांनी बोंब मारली, योजना गुंडाळली. टेस्लानं 75 किलोवॅट-तासाची बॅटरी 60 ची म्हणून विकली आणि 2017 च्या इर्मा वादळात फ्लोरिडातल्या गाड्यांना तात्पुरती पूर्ण उघडून दिली. म्हणजे इतके दिवस गाडीवाला स्वतःच्याच बॅटरीचं वजन फुकट वाहत होता. आपल्या सांगलीत पाणी चढताना असं कुणाच्या मर्जीवर बसायचं म्हटलं तर?
कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट कायद्यात 2012 ला कलम 65अ आलं. कुलूप तोडणं गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद. पण हेतू कॉपीराइट मोडण्याचा असेल तर. तुमचं प्रकरण त्यात बसतं का, हे वकिलालाच विचारा.

सातारा_मेंटेनन्स
विश्रामबागकर, बॅटरी आणि ऑप्शन एकाच मापानं मोजू नका. बॅटरी ही वस्तू आहे. रिजिड टॅपिंगमध्ये स्पिंडल आणि झेड अॅक्सिस एका तालात फिरवणारा प्रोग्रॅम कुणीतरी बसून लिहिलाय, त्याची किंमत आहे. जॉबवाले मालक, तुमचे जॉबचे प्रोग्रॅम शेजारच्या शेडवाल्यानं पेन ड्राइव्हवर उचलले तर चालतील? तुमचं तर काहीच कमी होत नाही.
ऐंशी हजार जास्त आहेत, मान्य. त्यासाठी भांडा. आणि पाच हजार घेणारा पोरगा दुसऱ्याचाच माल विकतोय.
शिवाय नुसता बिट 1 करून भागत नाही. लॅडरमध्ये (मशीनच्या आतल्या लॉजिक प्रोग्रॅममध्ये) एम29 ची सोय लागते, गेन आणि गिअर रेशोचे आकडे भरावे लागतात. ते नसेल तर टॅप आताच्यापेक्षा जास्त तुटतील.

कुपवाडचा_जॉबवाला
पेन ड्राइव्हचं लागलं. तरी एक फरक आहे साहेब. शेजाऱ्यानं माझा प्रोग्रॅम नेला तर माझं गिऱ्हाईक जातं. हा प्रोग्रॅम मात्र पहिल्या दिवसापासून माझ्याच मशीनमध्ये पडून आहे, आणि मी ऐंशी हजार कधीच देणार नव्हतो. स्वतः बिट बदलला तर मला रात्री झोप लागेल. पोराला पैसे देणं मात्र आता नको वाटतंय, तो उद्या साऱ्या एमआयडीसीत हेच विकत फिरणार.
कंपनीला परत फोन केला, जुन्या मशीनला काही कमी होतं का म्हणून. सिरीयल नंबर मागितलाय. तोवर लॅडर उघडून एम29 आहे का बघतो.

सातारा_मेंटेनन्स
आधी सगळ्या पॅरामीटरचा बॅकअप काढा, मग लॅडरला हात लावा. मेमरीची बॅटरी, जिच्यावर हे पॅरामीटर टिकतात, ती कधी बदललीय?

कुपवाडचा_जॉबवाला
मशीन आल्यापासून तरी नाही.

सातारा_मेंटेनन्स
मग टॅपिंगचं राहू द्या. बॅकअप झाला की बॅटरी बदला, आजच. कंट्रोल चालू ठेवून बदला. बंद करून काढलीत तर आहेत ते ऑप्शनही जातील.